एकदाच विचारणारी भाषा

कुवेतच्या मिरकाब भागातल्या त्या घरात दुपार कधी संपायचीच नाही. नवरा सकाळी ऑफिसला गेला, टँकरवाला गच्चीवरची टाकी भरून गेला, धुणीभांडी उरकली, की पुढे नुसतं पांढरं ऊन उरायचं. मी खिडकीच्या झडपा लावून गार फरशीवर आडवी पडायची. जवळपास कुठेतरी जुनी मातीची घरं पाडायचं काम चालू असे. त्याची धूळ फटीतून आत येई, उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राही, आणि तिच्याकडे बघता बघता आपल्याला झोप लागतेय की जाग येतेय, हे कळेनासं होई. रुपये जाऊन दिनार आले, त्या सुमाराची ही गोष्ट. लग्न होऊन आगबोटीने मी कुवेतला आले त्याला फार दिवस झाले नव्हते.

अशाच एका दुपारी वरच्या मजल्यावरून बाईमाणसाचा आवाज आला. ती कुणाशी बोलत नव्हती, मोठ्याने काहीतरी वाचत होती. अरबी नव्हतं, इंग्रजी नव्हतं. शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी डोळे मिटून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी तोच आवाज, तीच वेळ. हळूहळू मी त्या आवाजाची वाट बघायला लागले. अर्थ नसलेलं बोलणं ऐकायला इतकं बरं वाटतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

गच्चीवर कपडे वाळत घालताना ती भेटली. चाळिशीची, उंच, उन्हाने नाक लाल झालेली. तिचा नवरा इंजिनीअर होता, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात. दोघं फ्रान्सच्या कुठल्याशा लहान गावातली. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं आणि मलाही तेवढंच, त्यामुळे आमचं छान जमलं. तिला मी मादाम म्हणायची आणि तीही मला मादामच म्हणायची. माझ्याहून एवढी मोठी बाई, पण शेवटपर्यंत तिने मला ‘तू’ म्हटलं नाही.

पहिलं भांडण झालं ते नमस्कारावरून. भांडण कसलं, तिचा चेहराच तेवढा पडला. मी गच्चीवर गेले आणि आपल्या रीतीने म्हटलं, “कपडे वाळत घालताय होय?” ती थबकली. हातातल्या चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “हो. दिसतंय की. का विचारता?” आता काय सांगायचं? आमच्याकडे दारात माणूस चपला घालताना दिसला की ‘निघालात काय’ म्हणतात, ताटावरून उठून हात धुताना दिसला की ‘झालं जेवण?’ म्हणतात. त्याचं उत्तर कुणाला हवं असतं? तू मला दिसलीस, एवढंच त्यात सांगायचं असतं. तिने मला समजावलं, की आधी ‘बोंझूर, मादाम’ म्हणायचं. त्याआधी एक अक्षर बोलायचं नाही. त्यांच्या गावात पाववाल्याच्या दुकानात शिरून कुणी सरळ पाव मागितला, तर पाववाला ऐकूच न आल्यासारखं करतो. आधी माणसाला माणूस म्हणून मान द्यायचा, मग काय हवं ते मागायचं.

मला ते फार आवडलं. तिलाही आमचं आवडलं असावं, कारण पुढे कधीतरी मी मासे साफ करत असताना ती दारात उभी राहिली आणि मोठ्या कष्टाने मराठी शब्द जुळवून म्हणाली, “बोंझूर, मादाम. मासे साफ करताय होय?”

अशा रीतीने मी फ्रेंच शिकायला लागले. शिकायला म्हणजे पाटी-पेन्सिल घेऊन नव्हे. दुपारी ती खाली यायची किंवा मी वर जायची. एकीच्या हातात काहीतरी काम असायचं, दुसरी बोलायची. तिच्या स्वयंपाकघरात मंद आचेवर कांद्याचं सूप असे. ती ढवळत ढवळत एखादा शब्द सांगे आणि मग त्या शब्दाच्या मागचं गाव उभं करी, त्याच्या भिंती, त्याची नदी, त्याचा पावसाळी रविवार. मला तो शब्द त्या गावासकट आठवायचा. अजूनही तसाच आठवतो.

ऐंशीला ते ‘चार वीस’ म्हणतात, हे तिने जरा लाजतच सांगितलं. इंग्रज लोक त्यावरून त्यांना हसतात म्हणे. मला मात्र आनंदाचं भरतं आलं. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका नारळ मोजायच्या त्या विसाविसाच्या कोडीनेच. चार कोड्या म्हणजे ऐंशी. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती सूप ढवळायची थांबली. हातापायांची बोटं मोजत बसलेले तिचे पूर्वज आणि माझे पूर्वज आम्हा दोघींना त्या क्षणी अगदी शेजारी बसलेले दिसले.

सूर्य बुडाल्यावर दिवे लागायच्या आधीची जी वेळ, आपली तिन्हीसांज, तिला ते म्हणतात कुत्रा आणि लांडगा यांच्यामधली वेळ. समोरचं जनावर आपलं की रानातलं, हे ओळखू येत नाही असा उजेड. आमच्याकडे त्या वेळी घरात यायचं, दारं लावून घ्यायची, पोरांना बाहेर सोडायचं नाही. म्हणजे भीती तीच, पण त्यांनी ती मेंढपाळाच्या डोळ्यांनी पाहिली आणि आम्ही घरातल्या बाईच्या. कुवेतला ना लांडगा होता ना उंबरठ्यावर दिवा. तरी त्या वेळेला आम्ही दोघी गच्चीवर उभ्या असायचो, समुद्राकडून दमट वारा यायचा, आणि दूरवर तेलविहिरींच्या ज्वाळांनी आभाळाचा एक कोपरा तांबूस व्हायचा.

आणखी एक शब्द होता, देपेइझे. आपल्या मुलखातून उखडला गेलेला माणूस. दुःखी नव्हे, आजारी नव्हे, नुसता मुलूख निघून गेलेला. “मी तशी आहे,” ती म्हणाली. मी तो शब्द घरी येऊन कितीदा तरी म्हटला. आमच्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस बाहेर, कुणी जहाजावर, कुणी आफ्रिकेला, कुणी इथे. निघायच्या दिवसाचे शब्द आमच्याकडे कितीतरी आहेत, परत यायच्या दिवसाचेही आहेत. पण मधल्या वर्षांत माणसाचं काय होतं, त्याला नाव नाही. आमच्या लोकांना ते नाव ठेवायला सवडच मिळाली नसेल. किंवा नाव ठेवलं असतं, तर पुढचा मुलगा घरातून निघालाच नसता.

आता जेवणाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

माझ्या नवऱ्याची खाला, म्हणजे मावशी, तिच्या मुलाकडे जवळच राहायची. रीतभात म्हणजे काय ते खालाकडून शिकावं. गोरी बाई जेवायला येणार म्हटल्यावर ती सकाळपासूनच माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. सुरमईचं सालन, तांदळाच्या भाकऱ्या, सांदणं, सगळं तिच्या देखरेखीखाली झालं. मादाम जेवली, मनापासून जेवली. पहिला घास घेऊन म्हणाली, “पा माल.” म्हणजे वाईट नाही. मी मनातून खट्टू झाले. पुढे कळलं, की त्यांच्याकडे ती मोठी शाबासकी. उघड कौतुक करणं त्यांना सवंग वाटतं. आमची खालासुद्धा गुटगुटीत पोर बघून ‘बरं हाय’ एवढंच म्हणायची, तशातलाच प्रकार.

पण मग खालाने दुसरी भाकरी तिच्या ताटात टाकली. मादाम म्हणाली, नको. खाला म्हणाली, “घे गो बाय, लाजतेस कशाला? एवढ्याशानं पोट भरतं काय?” आणि सालन वाढलं. मादामने ताटावर हात धरला. खालाने हात प्रेमाने बाजूला सारला आणि आणखी एक तुकडी वाढली. मी हसत होते. मादामने ते सगळं संपवलं, पाणी प्यायली, आणि बघते तो काय, तिच्या डोळ्यांत पाणी! तिखटाने आलंय असं खालाला वाटलं. ती सांदण आणायला आत गेली.

“मी नको म्हणाले,” मादाम मला हळूच म्हणाली, “ते तुम्हाला खरं का वाटत नाही? मी खोटं बोलते, असं वाटतं का?”

मी गडबडले. पहिलं नको कुणी खरं धरतं का? पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने वाढायचं, पुन्हा नको, पुन्हा वाढायचं. न वाढलं तर म्हणतात, हात आखडता घेतला. मी तिला ते सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, की त्यांच्याकडे लहान मुलालासुद्धा ‘तुला काय हवं’ असं विचारतात आणि ते सांगेल ते ऐकतात. हो किंवा नाही, जे म्हणेल ते त्याचं. ते त्याच्याकडून कुणी काढून घ्यायचं नाही. “आपण दोघी ठरवू या,” ती म्हणाली. “तुमचं नाही मी नाहीच धरीन. माझं तुम्ही धरा.” मला गंमत वाटली. मी हो म्हटलं. तेवढ्यात खाला सांदणं घेऊन आली, तेव्हा मीच आडवा हात करून म्हणाले, “खाला, ती खरंच नको म्हणतेय.” खालाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घराण्याला काळिमा फासला होता.

त्या हिवाळ्यात मादामने तळमजल्यावरच्या रिकाम्या जागेत लहान मुलांचा वर्ग काढायचं ठरवलं. फ्रेंच बोलणारी काही कुटुंबं होती, लेबनानी अधिक. त्यांच्या पोरांना शाळेआधीचं काही शिकवायला कुणी नव्हतं. ती मला रोज त्याविषयी सांगायची. बुटकी टेबलं करून घेतली, भिंतीला निळा रंग दिला. मी तो रंग बघायला उगीचच खाली जायची.

एक सांगायला हवं. मी मराठी सातवीची फायनल चांगल्या मार्कांनी पास झाले होते. आमच्या गावच्या शाळेत मास्तरीण व्हायचं, एवढंच मला लहानपणापासून हवं होतं. गुरुजींनी बाबांना तसं सुचवलंही होतं. मग स्थळ आलं, मुलगा कुवेतला, आणि ते तिथेच राहिलं. त्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नव्हते. नवरा भला माणूस होता, त्याच्याशीही नाही.

त्या दिवशी मादामने कॉफी केली होती. कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “मला वर्गात एक बाई हवी आहे. मुलांजवळ बसणारी, त्यांच्याशी बोलणारी. तुम्ही याल?”

माझ्या कानात एकदम समुद्र घुमायला लागला. इतकी वर्षं जे मी मनातल्या मनातसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं, ते कुणीतरी कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

“छे, छे. मला कुठलं जमायला! माझं फ्रेंच ते काय. नको.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही खाली मान घालून वाट बघत होते. आता ती म्हणेल, का नाही जमणार? मग मी म्हणेन, घरचं बघायचं असतं. मग ती म्हणेल, सकाळचे काही तासच तर आहेत. आणि मग मी म्हणेन, बघते, यांना विचारते. हे सगळं संभाषण माझ्या डोळ्यांपुढे तयार होतं.

“बरं,” ती म्हणाली, आणि साखरेचं भांडं पुढे सरकवलं.

जिना उतरताना मला रडू आलं. योग्य वेळी जे बोलायला हवं होतं ते उशिरा, दार बंद झाल्यावर पायऱ्या उतरताना सुचतं, त्याला फ्रेंचमध्ये ‘जिन्यावरचं शहाणपण’ म्हणतात. हेही तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. पण माझ्या बाबतीत तेही लागू नव्हतं. मला काय बोलायचं ते वरही ठाऊक होतं. फक्त ते पहिल्या विचारण्याला बोलायचं नसतं, एवढंच मला शिकवलेलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “विचारील गो परत. पहिल्या खेपेला कोण हो म्हणतं?” म्हणजे त्याची हरकत नव्हती! ते ऐकून तर मी आणखीच तळमळले. मी वाट बघितली. ती नेहमीसारखी यायची, हसायची, शब्द सांगायची. वर्गाचं नाव काढायची, पण ते मला विचारायला नव्हे. एका सकाळी झडपेतून बघते तर निळ्या खोलीच्या दारात एक लेबनानी तरुणी उभी, केस कापलेली, आणि मुलं तिचा झगा ओढताहेत. मी झडप लावून घेतली.

मी किती दिवस काढले कोण जाणे. वाळूचं वादळ आलं होतं त्या दिवशी, तोझ म्हणतात तिकडे. बाहेर सगळं पिवळं, दिवसाढवळ्या दिवे लागलेले. मादाम माझ्याकडे अडकून पडली होती. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबता कोंबता मी एकदम म्हणाले, “मला यायचं होतं.”

“कुठे?”

“खाली. वर्गात. मला लहानपणापासून तेच करायचं होतं.”

ती जमिनीवर बसली. टॉवेलमधलं पाणी तिच्या मांडीवर गळत होतं. “पण तुम्ही नाही म्हणालात,” ती म्हणाली. “आणि मी तुमचा शब्द खरा मानला.”

“म्हणूनच तर झालं हे.”

तिने हात धरला माझा. म्हणाली, की पुन्हा विचारायचं तिच्या मनात रोज यायचं. पण पुन्हा विचारणं म्हणजे तुम्हाला तुमचं मन कळत नाही, मला जास्त कळतं, असं म्हणण्यासारखं झालं असतं. तो अपमान तिला करायचा नव्हता. आणि त्या लेबनानी मुलीला शब्द दिलेला होता, तो आता मोडता येणार नव्हता. हे तिने सरळ सांगितलं. मला राग आला, आणि त्या रागातही कळत होतं की आमच्यातलं कुणी असतं तर खोटी आशा लावून ठेवली असती.

तिला मी विचार करून जे सांगितलं, ते सांगताना मलाच नवीन होतं. आमच्याकडे मुलीला हवं म्हणता येत नाही. हवं म्हटलं की हावरी ठरली. म्हणून कुणीतरी आग्रह करावा लागतो, तिच्यावर लादावं लागतं. मग घेतलं तरी तिने मागितलं नाही, असं राहतं. भाकरी असो, साडी असो, नवरा असो. त्या तीन-चारदा विचारण्यात माया असते, खोटं नाही सांगत. नको म्हणणाऱ्याचं मन त्यात हळूहळू धीट होतं. पण ज्याला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, त्याचं मन तसंच राहून जातं. मादामने ऐकलं. “तुमची भाषा माणसाला थांबायला वेळ देते,” ती म्हणाली, “आणि आमची ठरवायला भाग पाडते.” बाहेर वाळू काचेवर घासत होती. मी आणखी एक टॉवेल पिळून फटीत कोंबला.

त्यानंतरचे महिने मला धूसर आठवतात. मी फ्रेंच सोडलं नाही. दुपारी झडपेशी बसून खालच्या मुलांची गाणी ऐकायची आणि ओठ हलवायची. नवरा ऑफिसातले हिशेब लिहून यायचा, माझ्याकडे बघत बघत जेवायचा. मी कुणाला दोष देत नव्हते. पण मला फार वाईट वाटायचं.

मग एका शुक्रवारी, जेवणं झाली होती, खाला आणि आमच्याकडच्या आणखी दोघी-तिघी बायका चटईवर बसून पान लावत होत्या, तेव्हा दारावर थाप पडली. मादाम होती. तिने आधी प्रत्येकीला बोंझूर केलं, कारण त्यावाचून तिला बोलताच आलं नसतं. मग उभ्या उभ्याच मला म्हणाली, की लेबनानी मुलीच्या नवऱ्याला बैरूतला नोकरी मिळाली, ती निघून गेली. उद्यापासून जागा रिकामी आहे.

“तुम्ही याल?”

तिने एवढंच विचारलं आणि गप्प उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की काहीही झालं तरी ती दुसऱ्यांदा विचारणार नाही. बायकांचे हात पानावर थांबले. कुणीतरी मादामला बसायला सांगत होतं. माझ्या जिभेवर तेच आलं, छे छे, मला कुठलं जमायला, अगदी दातांपर्यंत आलं. माझी आई, तिची आई, सगळ्या जणी ते मला आतून पढवत होत्या.

“वुई,” मी म्हणाले. आणि बायकांना कळावं म्हणून मराठीतही म्हणाले, “हो. येते.”

मादामने नुसती मान डोलावली आणि वर निघून गेली. खालाच्या हातातला चुना तसाच बोटावर राहिला होता.

“काय गो ही तऱ्हा!” शेवटी ती म्हणाली. “तिनं इचारलं काय आणि तू लगेच हो म्हनालीस काय! लोकं काय म्हनतील? एकदा तरी नको म्हनायचं होतंस.”

“म्हटलं होतं, खाला,” मी म्हणाले. “मागच्या वेळी.”